बंद खोलीतील धूर, हवेतील सूक्ष्म कण आणि आपली फुफ्फुसे



आपल्या मंदिरात सुमारे चार दशके नित्यपूजा करणारे गुरुजी वृद्धापकाळी दम लागून अंथरुणाला खिळले, तेव्हा आम्हा सर्वांना आश्चर्य वाटले होते. त्यांनी आयुष्यात विडी-तंबाखूस स्पर्श केला नव्हता. आहार सात्त्विक होता आणि दिनचर्या घड्याळाप्रमाणे चालत असे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "गुरुजी, आपण दिवसातून किती तास गाभाऱ्यात असता, आणि त्या गाभाऱ्याला खिडकी आहे का?" खिडकी नव्हती. जुन्या पद्धतीच्या गाभाऱ्यास ती नसतेच. त्या प्रश्नाने विश्वस्त मंडळाच्या बैठकीत जो विषय निघाला, त्याची साधार माहिती सभासदांच्या हाती असावी, या हेतूने सदर लेख सिद्ध केला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. जे प्रमाणित आहे तेवढेच येथे मांडले आहे. कोणाच्या श्रद्धेस उणेपणा आणण्याचा यात लवलेशही हेतू नाही.

कणांचे मोजमाप

हवेत तरंगणारे कण हे आकारमानाने ओळखले जातात आणि त्यासाठी मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे माप वापरतात. माणसाचा केस सर्वसाधारणपणे ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. १० मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना 'पीएम १०' आणि २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना 'पीएम २.५' म्हणतात. झाडताना उन्हाच्या कवडशात जी धूळ नाचताना दिसते, ती बहुधा मोठ्या कणांची असते. धुरातील कण त्याहून पुष्कळच बारीक, बहुतेक एक मायक्रोमीटरच्याही आतले. ते एकेकटे डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांचा समुदाय तेवढा निळसर-करडा धूर म्हणून दिसतो, आणि धूर विरळ होऊन दिसेनासा झाला तरी कण हवेतच असतात.

येथे एक साधे गणित उपयोगी पडते. अगदी स्थिर हवेत १० मायक्रोमीटरचा धूलिकण दीड मीटर उंचीवरून सुमारे आठ-दहा मिनिटांत जमिनीवर येतो. २.५ मायक्रोमीटरच्या कणास त्याच अंतरासाठी दोन तासांच्या आसपास वेळ लागतो, आणि एक मायक्रोमीटरच्या कणास अर्धा दिवस. माणसांच्या हालचालीने हवा सतत ढवळली जात असते, म्हणून प्रत्यक्षात धुराचे कण आपोआप खाली बसतील ही आशा व्यर्थ होय. ते खोलीबाहेर जाण्याचा खरा मार्ग एकच, हवेबरोबर बाहेर जाणे. खोलीतील हवा तासातून एकदा बदलली जात असेल, तर धूर थांबल्यानंतर एका तासाने सुमारे ३७ टक्के कण शिल्लक राहतात आणि तीन तासांनी सुमारे ५ टक्के. हवा तासाला तीनदा बदलली, तर हेच ५ टक्क्यांचे प्रमाण एका तासात गाठले जाते. एक झरोका उघडणे आणि न उघडणे यांत फरक पडतो तो एवढा.

फुफ्फुसात काय घडते

निसर्गाने श्वसनमार्गाची रचना अत्यंत विचारपूर्वक केली आहे. नाकातील केस व ओलसर पडदा मोठे कण अडवितात. घशाखाली श्वासनलिकेच्या दोन शाखा होतात, त्यांच्या पुन्हा दोन-दोन, अशा सुमारे तेवीस पिढ्यांपर्यंत ही विभागणी चालते आणि शेवटी वायुकोश येतात. द्राक्षाच्या घडासारख्या या पोकळ्यांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या दरम्यान मानली जाते. मोठ्या नलिकांच्या आतील बाजूस सूक्ष्म रोमांचे आवरण असते. हे रोम अखंड एका दिशेने हलत असतात आणि चिकट स्रावात अडकलेली धूळ घशाकडे लोटीत असतात. आपण सकाळी खाकरून जे बाहेर टाकतो, ते या यंत्रणेचे दैनंदिन झाडलोटीचे काम होय.

ही झाडलोट वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. तेथे पहारा असतो तो भक्षक पेशींचा. आत आलेला कण त्या गिळतात आणि शक्य तितका पचवितात. परंतु काजळीचा कण म्हणजे मुख्यतः कोळसा, आणि कोळसा पचत नाही. पेशी तो पोटात घेऊन बसते, मरते, दुसरी पेशी तोच कण पुन्हा गिळते. दर वेळी या पेशी दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात. एखाद्या दिवशीच्या धुराने होणारा दाह शमून जातो. दररोज, वर्षानुवर्षे तोच प्रकार चालला, तर बारीक नलिकांच्या भिंती जाड होतात, वायुकोशांमधील पडदे झिजतात, आणि लवचिक असलेले फुफ्फुस सैल पडते. मग श्वास आत घेता येतो, पण पूर्ण बाहेर सोडता येत नाही. यालाच वैद्यकात 'सीओपीडी', म्हणजे श्वासमार्ग कायमचा अरुंद करणारा दीर्घकालीन रोग, म्हणतात. दम्यात अरुंद झालेल्या नलिका औषधाने बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. सीओपीडीत तसे होत नाही. गेलेले फुफ्फुस परत मिळत नाही, उरलेले सांभाळता येते. ज्या स्त्रियांनी बंद झोपडीत सरपणावर आयुष्यभर स्वयंपाक केला, त्यांच्या फुफ्फुसांत काजळी साचून झालेल्या विकारास वैद्यकीय ग्रंथांत 'झोपडीचे फुफ्फुस' अशा अर्थाचे नावच दिले गेले आहे.

सर्वांत सूक्ष्म, म्हणजे ०.१ मायक्रोमीटरहून लहान कणांपैकी काही वायुकोशांची भिंत ओलांडून रक्तात उतरू शकतात. त्यामुळे हृदयविकार व पक्षाघात यांचाही या विषयाशी संबंध आहे. धूर म्हणजे केवळ खोकला, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

चूल, आणि गुजरातेतील ती चार खेडी

घरातील धुराचा सर्वांत मोठा उगम कोणता, तर तो स्वयंपाकाची चूल. आपल्यापैकी ज्यांचे बालपण वडोदऱ्याबाहेर, खेड्यात गेले, त्यांना आजीच्या लाल डोळ्यांची आणि फुंकणीची आठवण असेल. घरातील सर्व स्त्रिया त्या धुरात डोळे पुसत बसत आणि घरातील सर्व पुरुष ओसरीवर मोकळ्या हवेत बसून स्वयंपाकास उशीर का, असे विचारीत.

दिल्लीतील विख्यात हृदयरोगतज्ज्ञ डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांनी १९५९ साली फुफ्फुसांच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याच्या रोगावर लेख प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत हा प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा रोग होता. येथे मात्र तो क्वचितच धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांतही मोठ्या प्रमाणावर आढळत होता. चुलीच्या धुराकडे बोट दाखविणाऱ्या आरंभीच्या नोंदींपैकी ही एक होय. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ व त्यांचे भारतीय सहकारी गुजरातेतील चार खेड्यांत गेले आणि त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच हवा मोजणारी छोटी उपकरणे लावली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार स्वयंपाकाच्या वेळी स्त्रियांच्या श्वासातील हवेत एकूण कणांचे प्रमाण सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे सात हजार मायक्रोग्रॅम, इतके होते. हे माप सर्व आकारांच्या कणांचे असल्याने आजच्या पीएम २.५ च्या आकड्यांशी त्याची थेट तुलना करू नये. तरीही बाहेरच्या हवेतील प्रदूषणाची चर्चा करणाऱ्या जगाला, सर्वांत वाईट हवा शहरातील रस्त्यावर नसून खेड्यातील स्वयंपाकघरात आहे, हे त्या मोजणीने प्रथमच इतके स्पष्ट दाखविले. स्मिथ यांचे २०२० साली निधन झाले. याच विषयास त्यांनी आयुष्य वाहिले होते. या शास्त्रशाखेतील ही महत्त्वाची मोजणी आपल्या गुजरातेच्या खेड्यांत झाली, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील इंधनाच्या धुरामुळे जगभरात ३२ लाख मृत्यू झाले, आणि त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. भारतात २०१६ साली सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात म्हटले आहे. त्या रोगाच्या भारापैकी निम्म्याहून अधिक वाटा प्रदूषित हवेचा होता आणि तंबाखूचा सुमारे एक चतुर्थांश. पुण्याचे डॉ. संदीप साळवी हे, धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधणाऱ्या २००९ च्या गाजलेल्या लेखाचे एक लेखक होत. ही मराठी मनास अभिमानाची गोष्ट आहे.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि त्यानंतर दहा कोटींहून अधिक कुटुंबांना गॅसजोडणी मिळाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे ५८.६ टक्के आढळली. त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४३.८ टक्के होते. मात्र जोडणी मिळणे आणि चूल विझणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिलिंडर भरण्यास पैसे नसले, की अंघोळीचे पाणी आणि भाकरी पुन्हा चुलीवरच येतात.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे सुमारे ३२०० गरोदर स्त्रियांसह एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या घरांना गॅस विनामूल्य पुरविण्यात आला. त्या स्त्रियांच्या श्वासातील पीएम २.५ सुमारे ७० मायक्रोग्रॅमवरून २४ वर आले. तथापि बालकांचे जन्माचे वजन अथवा न्यूमोनियाचे प्रमाण यांत अपेक्षित फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २०२२ व २०२४ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा कोणीही शास्त्रज्ञ काढीत नाही. मात्र काही वर्षे गॅस वापरल्याने सर्व दुष्परिणाम पुसले जातात, असेही म्हणता येत नाही. याउलट चीनच्या युन्नान प्रांतातील श्वेनवेई जिल्ह्याचे उदाहरण आहे. तेथे घरात धुरकट दगडी कोळसा उघड्या खड्ड्यात जाळीत असत, आणि धूम्रपान जवळजवळ न करणाऱ्या स्त्रियांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण चीनमध्ये सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. ज्या घरांनी धुराडे असलेल्या शेगड्या बसविल्या, तेथे हा धोका पुरुषांत सुमारे ४१ व स्त्रियांत सुमारे ४६ टक्क्यांनी घटल्याचे २००२ च्या अभ्यासात आढळले. ही घट दिसून येण्यास सुमारे दहा वर्षे लागली. फुफ्फुसाचा हिशेब वर्षांचा नसून दशकांचा असतो, तो असा.

उदबत्ती, धूप, कापूर, समई

आता देवघराकडे व गाभाऱ्याकडे वळू. हा भाग लिहिताना लेखणी थोडी अडखळते, हे मान्य केले पाहिजे.

उदबत्ती ज्वाळेने जळत नाही, ती धुमसते. धुमसणारा पदार्थ अपुऱ्या ज्वलनामुळे अधिक धूर देतो. एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम कण हवेत सोडते, तर एक ग्रॅम सिगारेट सुमारे १० मिलिग्रॅम, असे एका सर्वपरिचित मोजणीत आढळले आहे. हा आकडा वाचून उदबत्ती सिगारेटपेक्षा घातक आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. सिगारेटचा धूर माणूस थेट छातीत ओढतो, उदबत्तीचा धूर खोलीभर पसरून विरळ होतो. प्रश्न खोलीच्या आकाराचा व वाऱ्याचा आहे. मोकळ्या सभामंडपात दोन काड्यांनी काही बिघडत नाही. आठ फूट लांब-रुंद, खिडकी नसलेल्या दगडी गाभाऱ्यात एकादशीच्या दिवशी भाविकांनी लावलेल्या शेकडो काड्यांची गोष्ट वेगळी.

सिंगापूरमध्ये ४५ ते ७४ वयाच्या ६१,३२० चिनी स्त्री-पुरुषांचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरांतही देवापुढे उदबत्ती जळत असे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकंदर फुफ्फुसाच्या कर्करोगाशी उदबत्तीचा संबंध आढळला नाही. परंतु दीर्घकाळ व सतत वापर करणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला. दोन्ही बाजू लिहिल्या आहेत. वाचकांनी त्या दोन्ही ध्यानात घ्याव्यात.

कापराविषयी एक गैरसमज ऐकू येतो, की शुद्ध नैसर्गिक कापूर धूर देत नाही आणि कारखान्यात केलेला देतो. वस्तुतः दोन्हींतील मूळ रसायन एकच आहे आणि त्यात कार्बनचे प्रमाण पुष्कळ आहे. म्हणून त्याची ज्योत काजळी सोडतेच. कृत्रिम कापरात भेसळ असल्यास ती बाब निराळी. आरतीच्या ताम्हनाखाली जमणारी काळी पुटी हा त्याचा पुरावा. समई व निरांजन यांचा धूर मानाने फार अल्प असतो, मात्र वात किती वर काढली आहे यावर तो अवलंबून आहे. वात लांब काढली की ज्योत उंच होते, हलते व काजळी धरते. आमच्या आजी दिवा लावल्यावर वात मागे सारून बारीक करीत. तेल वाचविणे एवढाच हेतू त्यांच्या मनात असावा, पण हवाही त्यामुळे स्वच्छ राहत असे. दिवा फुंकून विझवू नये हा जुना संकेत आहे. विझल्या वातीतून निघणारा पांढरा धूर हा जळत्या ज्योतीपेक्षा अधिक असतो, ही गोष्ट कोणीही पाहून घ्यावी.

याच संदर्भात डासांच्या कॉइलचा उल्लेख केला पाहिजे, कारण पुजारी निवासात व धर्मशाळेत ती रात्रभर जळते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ वस्तुमान हवेत सोडते, असे आढळले. दारे-खिडक्या लावून कॉइल जाळणे व त्या खोलीत तान्हे मूल निजविणे हा प्रकार आपल्या घरोघरी आहे. मच्छरदाणी हा उत्तम पर्याय असून ती बिनधुराची आहे.

मर्यादा व मोजणी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुधारलेल्या मार्गदर्शक मर्यादेप्रमाणे पीएम २.५ चे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने १५ व वार्षिक सरासरीने ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या आत असावे. भारतात २००९ साली ठरलेल्या, बाहेरच्या हवेसाठीच्या मानकांप्रमाणे हे आकडे अनुक्रमे ६० व ४० आहेत. प्रकाशकिरणाच्या साहाय्याने कण मोजणारी छोटी यंत्रे आता बाजारात सहज मिळतात. ती तंतोतंत नसली, तरी खिडकी उघडण्यापूर्वीचा व नंतरचा फरक दाखविण्यास पुरेशी आहेत.

ज्यांचे काम रोज धुरात आहे, त्यांच्यासाठी 'स्पायरोमेट्री' ही तपासणी महत्त्वाची. नळीत जोराने श्वास सोडायचा असतो, सुई नाही, वेदना नाही. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा ही एकूण बाहेर पडलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल आणि औषध हुंगल्यानंतरही तशीच राहत असेल, तर सीओपीडीचा संशय बळावतो. आमच्या गुरुजींची ही तपासणी दम लागू लागल्यानंतर झाली. ती वीस वर्षे आधी करता आली असती, आणि तेव्हा कोणास सुचले नाही, याची खंत विश्वस्त मंडळास आहे.

कापडी रुमाल अथवा उपरणे नाकावर घेतल्याने धुराचे सूक्ष्म कण अडत नाहीत. 'एन ९५' प्रकारचा, चेहऱ्यास घट्ट बसणारा मुखपट्टा ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवितो. परंतु मंत्रोच्चार करणाऱ्या पुजाऱ्याने तो लावून बसावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. म्हणून उपाय हवेवर करावा लागतो, माणसावर नव्हे.

मंडळाने ठरविल्याप्रमाणे गाभाऱ्याच्या मागील भिंतीत, मूळ बांधकामास धक्का न लावता, छताजवळ झरोका करून त्यात बाहेर हवा फेकणारा पंखा बसविण्यात येत आहे. केवळ पंखा पुरत नाही. आत येणाऱ्या हवेस वाट हवी, म्हणून आरतीच्या वेळी गाभाऱ्याचे दार व सभामंडपाची समोरची दोन्ही दारे उघडी ठेवावीत. भाविकांनी आणलेल्या उदबत्त्या व धूप यांसाठी प्रांगणात, तुळशीवृंदावनाजवळ, पितळी पात्र ठेवले आहे. गाभाऱ्यात नित्यपूजेची एकच उदबत्ती लागेल. काही ज्येष्ठ सभासदांनी यास आक्षेप घेतला होता, त्यांचा आदर राखून त्यांच्याशी दोन बैठकांत चर्चा झाली. धूपारती सण-उत्सवास पूर्वीप्रमाणेच होईल. सभामंडप कोरड्या केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावा, कारण झाडण्याने बसलेली धूळ पुन्हा हवेत उठते. महाप्रसादाच्या स्वयंपाकघरातील लाकडाची भट्टी बंद करून गॅसची शेगडी घेण्याचा प्रस्ताव पुढील वार्षिक सभेपुढे येईल. फोडणी व तळण यांचा धूर गॅसवरही होतो, म्हणून तेथेही कढईच्या थेट वर धूर खेचणाऱ्या चिमणीची तरतूद अंदाजपत्रकात दाखविली आहे.

पुजारी, आचारी व सफाई कर्मचारी यांची स्पायरोमेट्री तपासणी ट्रस्टच्या खर्चाने वर्षातून एकदा करण्यात येईल. ज्या सभासदांच्या घरी दमा, जुना खोकला किंवा लहान बालके आहेत, त्यांनी दर्शनासाठी आरतीची गर्दी टाळून सकाळी गाभारा उघडतानाची वेळ साधावी. त्या वेळी हवा सर्वांत स्वच्छ असते.

— चिटणीस, विश्वस्त मंडळ